बुजलेल्या विहिरी

(शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय २६)

चैत्र सरत आला, की शिरपूर तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून दोनच बोलणी ऐकू येतात. एक विहिरीच्या पाण्याचे आणि दुसरे सालदाराचे. अरुणावतीचे पात्र उन्हात तापत पडलेले असते, आणि पारावर बसलेले लोक कोणाच्या विहिरीस किती हात पाणी उरले याची मोजणी करीत असतात. तेवढ्यात आखाजी येते. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला बदलते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या दिवशी मागला हिशोब चुकता व्हावयाचा, आणि सालदाराने मनाशी ठरवावयाचे, की याच दारी आणखी एक वर्ष काढावे की दुसऱ्या धन्याचे दार धरावे.

मनुष्याच्या आयुष्यातही अशी एक आखाजी येत असते. ती पंचांगात छापलेली नसते. चाळिशी उलटल्यावर व साठी येण्यापूर्वी केव्हातरी एखाद्या रात्री झोप लागत नाही, आणि मन आपोआप हिशोबास बसते. इतकी वर्षे ज्या कामी घातली त्या कामाने आपणांस काय दिले? आणि आपण तरी त्यात काय केले? जी थोडी वर्षे उरली ती याच दारी काढावयाची काय?

एखादा उपदेशक डोळ्यांपुढे आणा. विशीत तो मंडळीच्या कामास लागला, तेव्हा सायकलीवरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतची गावे करीत असे, आणि उपासनेस उभे राहण्यापूर्वी त्याचे हात कापत असत. आज त्याच्याजवळ फटफटी आहे, आणि हात कापत नाहीत. ख्रिस्तजन्माचा उपदेश त्याने पंचवीस वेळा केला आहे. सव्विसाव्या वेळी आपण काय बोलत आहो हे त्याचे त्यालाच ऐकू येत नाही. त्याच्याबरोबर शिकलेला एक जण पाळक झाला. दुसऱ्याने शाळेची नोकरी धरली व घर बांधले. सुरतेहून सुटीवर आलेला मुलगा सहज विचारतो, “बाबा, एवढ्या वर्षांत तुम्ही मिळविले काय?” मुलगा वाईट नाही. त्याने विचारले, जेवला आणि निजला. बाप मात्र जागा राहिला.

त्याच घरातील माउलीकडे पाहा. मुली नांदावयास गेल्या, मुलगे परगावी राहिले. चूल तीच आहे. परंतु जेथे वीस भाकरी थापाव्या लागत तेथे आता चार पुरतात. ज्या विसाव्याची ती तीस वर्षे वाट पाहत होती तो विसावा आला, आणि त्याचे करावे काय हे तिला उमजत नाही. दुखते कोठे म्हणून कोणी विचारले, तर बोट ठेवावयास जागा नाही. म्हणून ती कोणास सांगत नाही. उपासनेत ती पूर्वीच्याच जागी बसते. तिचे गाणे बंद झाले आहे, हे तिच्या शेजारणीच्या देखील ध्यानात आलेले नाही.

ही तळमळ पाप आहे काय? पुष्कळ उपदेशक तसे म्हणतात. देवाने दिलेल्या अन्नवस्त्रात समाधान न मानणे म्हणजे कृतघ्नता, असे ते सांगतात. आम्हांस हे मत मान्य नाही. उपदेशक या नावाचे एक पुस्तक पवित्र शास्त्रात आहे. त्याचा लेखक सांगतो, की त्याने घरे बांधली, द्राक्षमळे लाविले, बागांस पाणी देण्यासाठी तळी खणविली. आणि सर्व झाल्यावर मागे वळून पाहिले तो हाती वारा आला. ज्या देवाने असल्या मनुष्याचे शब्द आपल्या ग्रंथात राहू दिले, तो तुमच्या एका जागत्या रात्रीवर रागावेल काय? तहान लागणे हा अपराध नव्हे. ज्या गुराला तहान लागत नाही त्याची धन्याला अधिक काळजी वाटते.

येथे आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. ज्या मंडळीने आपल्या उपदेशकाचे वेतन चार-चार महिने थकविले आहे, तिने हा लेख त्याला वाचून दाखवू नये. त्याची तळमळ आत्म्याची नसून पोटाची आहे, आणि तिचे औषध मंडळीच्या पेटीत आहे. रिकाम्या हंडीला समाधानाचा उपदेश करणे ही ख्रिस्ताची रीत नव्हती. त्याने आधी भाकरी वाटल्या.

आता इसहाकाकडे वळू. पवित्र शास्त्रातील थोर पुरुषांत याच्याविषयी सर्वांत कमी उपदेश होतात, आणि त्याचे कारण उघड आहे. बाप अब्राहाम कुळदैवते सोडून अनोळखी देशास निघाला. मुलगा याकोब रात्रभर देवदूताशी झुंजला. मधल्या इसहाकाने काय केले? त्याने विहिरी खणल्या. त्याच्या चरित्रात सांगण्याजोगे दुसरे थोडेच आहे. परंतु आमच्या मंडळ्यांत जे आज पन्नाशीस आले आहेत ते बहुतेक इसहाकच आहेत. भावकीचा रोष व गावाचा बहिष्कार सोसून पाण्यापर्यंत पोहोचले ते आजोबा, किंवा पणजोबा. आपण बांधलेल्या विहिरीच्या काठी जन्मलो. आपणांस दोर व बादली आयती मिळाली.

इसहाकाचे वय ध्यानात घ्या. चाळिसाव्या वर्षी त्याचे लग्न झाले, साठाव्या वर्षी त्याला जुळे मुलगे झाले, आणि तो एकशेऐंशी वर्षे जगला. सव्विसाव्या अध्यायाच्या शेवटी त्याचा मुलगा एसाव चाळीस वर्षांचा आहे, म्हणजे तो स्वतः शंभराचा. तेव्हा पुस्तकाच्या क्रमाने पाहिले तर विहिरींची ही हकीकत त्याच्या आयुष्याच्या अगदी मध्यावर पडते. आणि ती आरंभतेच दुष्काळाने. देशात पाणी नाही, चारा नाही. शेजारी मिसर देश आहे, तेथे नाईल नदी वाहते आहे. इसहाकाने तिकडे पाहिले असलेच पाहिजे. शिरपुराजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो. रात्री त्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे दिवे पाहून ज्यांचे मन त्यांच्यामागे धावले आहे, त्यांस मिसर म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावयास नको. देवाने इसहाकास सांगितले, की तिकडे उतरू नको, मी दाखवीन त्याच देशात राहा. त्याने त्याच वर्षी त्याच दुष्काळी भूमीत पेरणी केली, आणि शंभरपट पीक आले. (याच मुक्कामात भीतीपोटी त्याने आपल्या बायकोस बहीण म्हणून सांगितले, हेही शास्त्र लपवीत नाही. मधल्या वयात मनुष्य शहाणाच होतो असे नाही.)

मग शेजाऱ्यांस हेवा वाटला. अब्राहामाच्या चाकरांनी खणलेल्या सर्व विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने नवी विहीर खणण्यापूर्वी त्या जुन्या विहिरी उपसून मोकळ्या केल्या, आणि बापाने त्यांस जी नावे दिली होती तीच पुन्हा दिली.

आपल्या विहिरी कोणी बुजविल्या? उगाच पलिष्टी शोधीत बसू नये. पुष्कळशी माती आपण स्वतःच टाकली आहे, आणि तीही एका रात्रीत टाकलेली नाही. रोज एकेक टोपली टाकली आहे. कोणी एके काळी रात्री पोरांना अक्षरओळख करून देत असे. पंचांशी वाद झाला त्या दिवसापासून पाटी कोनाड्यात पडली. कोणाला भजनांची पोथीच्या पोथी पाठ होती. कोणी पहाटे उठून, घरातील माणसे जागी होण्यापूर्वी, देवाशी दोन शब्द बोलत असे. कोणाचा शेजारच्या गावी एक जिवलग होता. बांधावरून भांडण झाले, त्यास अकरा वर्षे झाली, बोलणे नाही. पन्नाशीत आपणांस जी पोकळी वाटते ती पुष्कळदा कशाची असते? जे कधी मिळालेच नाही त्याचीच ती असते असे नव्हे. जे मिळाले होते व बुजले त्याची ती असते. म्हणून नवे काही शोधण्यापूर्वी फावडे घेऊन मागे जावे लागते. आणि नावे बदलू नयेत. प्रार्थनेला प्रार्थनाच म्हणावे, मित्राला मित्रच म्हणावे, आणि क्षमा मागावयाची असेल तर तिला दुसरे गोड नाव देऊ नये.

विहीर मरते कशी आणि पुन्हा जिवंत होते कशी, हे शिकावयास शिरपूरच्या लोकांना गराराच्या खोऱ्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. तालुक्याची उत्तर बाजू सातपुड्याच्या पायथ्याची, काळ्या खडकाची. दक्षिणेस तापीकडे गाळाच्या मातीचे थरावर थर. गेल्या शतकाच्या अखेरीस उपसा वाढला, बोअर खोल खोल गेले, आणि विहिरी एकामागून एक कोरड्या पडल्या. पाऊस पडत नव्हता असे नाही. पडलेला पाऊस नाल्यांतून वाहून तापीस मिळत असे. गाळाच्या भागात वर जो पिवळ्या चिकट मातीचा थर आहे तो पाणी खाली जाऊ देत नाही. त्याच्या तळाशी वाळूचे थर आहेत, ते बिचारे तहानेले पडून होते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी सरकारी भूजल खात्याच्या नोकरीत पुष्कळ वर्षे घालविली होती. ती नोकरी आटोपल्यावर, २००४ सालापासून, आमदार अमरिशभाई पटेल यांच्या साह्याने त्यांनी येथील नाले हाती घेतले. पाणी अडविणारा थर काढून नाले खोल व रुंद केले, जागोजाग सिमेंटचे बंधारे घातले, आणि करवंद धरणाच्या कालव्याचे जादा पाणी कोरड्या विहिरींत सोडले. भोवतालच्या विहिरींस पाणी आले. लोक त्या कामास ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणू लागले.

हे काम एका मनुष्याने नोकरीच्या वयानंतर आरंभिले, एवढ्यासाठीच आम्ही ते येथे सांगितले असे नाही. त्यात एक गोष्ट आहे ती आमच्या जिव्हारी लागते. उणीव पावसाची नव्हती. पाण्यास खाली उतरण्याची वाट नव्हती. गेली तीस वर्षे दर रविवारी आपणांवर वचनाचा पाऊस पडत आला आहे, आणि तो आपल्या अंगावरून वाहून तापीस मिळाला आहे. पिवळ्या मातीचा तो थर कोणता म्हणाल, तर “हे मला ठाऊक आहे” हा. विशीत हा थर कागदाएवढा असतो. पन्नाशीत तो पुरुषभर जाड होतो, आणि विशेषतः आम्हां उपदेश करणाऱ्यांच्या अंगी होतो. कारण दुसऱ्यांस पाणी वाटता वाटता आपण प्यालो की नाही हे आमच्या ध्यानातच राहत नाही.

मात्र सगळीच जमीन एका रीतीने खणू नये. या पॅटर्नवरही जाणत्या लोकांनी आक्षेप घेतले आहेत. जेथे खालचा थर तसा नाही तेथे नाला वाटेल तितका खोल केल्याने भूगर्भातील साठ्यास अपाय होईल, असे ते सांगतात. मनाच्या बाबतीतही हे खरे आहे. काही माणसे पन्नाशीत स्वतःचे मन उकरावयास बसतात, आणि उकरता उकरता होते तेवढे पाणीही गमावितात. आपण सुखी आहो काय, आपले चीज झाले काय, हेच रात्रंदिवस विचारीत राहिल्याने कोणाचे चीज झालेले आम्ही पाहिले नाही. विहिरीत नुसते डोकावले तर आपलेच तोंड दिसते. पाणी पाहिजे तर बादली सोडावी लागते.

जुन्या विहिरी मोकळ्या झाल्यावर इसहाकाच्या चाकरांनी खोऱ्यात स्वतःची एक खणली, आणि तिला जिवंत झरा लागला. लागलीच गराराचे गुराखी आले: पाणी आमचे. त्याने त्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे भांडण, ठेविले व ती सोडली. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा झाला, तिचे नाव सितना, म्हणजे वैर. तीही सोडली. पुढे जाऊन तिसरी खणली, तिच्यावरून कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले. रहोबोथ म्हणजे मोकळी जागा.

पन्नाशीत जो कोणी नवे काही आरंभील त्यास या दोन विहिरी ओलांडाव्या लागतील. पन्नास वर्षांची बाई अक्षरे गिरवावयास बसली, की सून तोंडाला पदर लावून हसते. उपदेशक नवीन रीतीने मुलांचा वर्ग घेऊ लागला, की जुने लोक म्हणतात, इतकी वर्षे काय झोपला होता? इसहाकाने भांडण जिंकण्यात आपले उरलेले वय खर्च केले नाही. त्यास विजय नको होता, पाणी हवे होते. आमच्या मंडळ्यांतील कित्येक चांगली माणसे एसेकच्याच काठी म्हातारी झाली, हे लिहिताना आम्हांस दुःख होते.

तुम्ही म्हणाल, रेव्हरंड टिळकांनी तर साल बदलले! हे खरे आहे. नारायण वामन टिळक १८६१ साली जन्मले, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची वीस-बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात घालविली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे ते संपादक होते, त्यांची गीते घरोघर गायिली जात होती, मान होता, वेतन होते. आणि १९१७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर ज्याचे मन बसले आहे त्याला त्या दरबारात जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले.

परंतु यास मिसरास जाणे म्हणता येईल काय? आमच्या मते नाही. तरुणपणी टिळकांनी ठिकाणे व नोकऱ्या पुष्कळ बदलल्या, त्या वेळची धाव निराळी. छपन्नाव्या वर्षी त्यांनी जमीन बदलली नाही. तोच ख्रिस्त, तीच मराठी, तेच लोक. त्याच खोऱ्यात ते आणखी खाली गेले. तरी प्रत्येक उपदेशकाने त्यांच्यासारखे वेतन सोडावे असे आम्ही मुळीच सांगत नाही, आणि ज्याच्या मनात तसे येईल त्याने प्रथम आपल्या बायकोस विचारावे. टिळकांच्या त्यागाच्या गोष्टी व्यासपीठावरून फार आवडीने सांगितल्या जातात. त्या त्यागाच्या दिवसांत चूल कोणी पेटती ठेविली हे सांगावयास वेळ उरत नाही. ते लक्ष्मीबाईंनी सांगितले आहे, हसत हसत, आणि काही न झाकता.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस उपयोगी पडेल असे उदाहरण टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचेच आहे. त्या १८६८ साली जन्मल्या. शाळेत गेल्या नाहीत. जे थोडे लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर. पतीने धर्म बदलला तेव्हा काही वर्षे त्या त्यांच्यावाचून राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत ख्रिस्ताकडे आल्या. टिळक गेले तेव्हा त्यांना एकावन्नावे वर्ष चालू होते. त्या वयाच्या विधवेकडून जगाची अपेक्षा काय असते? नातवंडे सांभाळावी व आपली पाळी येईतो वाट पाहावी. लक्ष्मीबाईंनी घरही सांभाळले, आणि लिहावयासही बसल्या. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते त्यांनी पुढे नेले. बापाची बुजलेली विहीर मोकळी करणे म्हणतात ते हेच; येथे ती पतीची होती, एवढाच फरक. नंतर त्यांनी स्वतःची खणली. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या पुस्तकात नवे असे काय आहे? सोवळे-ओवळे, सासरा, उपास, प्रवास, प्लेग, उसनवारी. त्यांच्या घरात तीस-चाळीस वर्षे जे पडून होते तेच. इतर बायांच्याही घरी तेच पडून होते. त्यांनी ते उपसले. १९३६ साली त्या वारल्या, आणि ते पाणी आजही लोक पितात. त्यांत ख्रिस्ताचे नाव न घेणारेही पुष्कळ आहेत.

पाणी लागले हे ओळखावयाचे ते असे. इसहाकाच्या विहिरीवर त्याची स्वतःची तहान किती भागली हे शास्त्रात लिहिलेले नाही. गुरे प्याली, चाकर प्याले, शेजाऱ्यांची गुरे भांडून का होईना प्याली. शोमरोनाच्या बाईची गोष्ट सर्वांस माहीत आहे. पाच संसार पाहिलेली ती बाई ऐन दुपारी घागर घेऊन याकोबाच्या विहिरीवर आली, आणि प्रभूशी बोलणे झाल्यावर घागर तेथेच टाकून गावात धावली. ती स्वतः पाणी प्याली की नाही, याविषयी योहान एक अक्षर लिहीत नाही.

तेव्हा त्या उपदेशकाने यंदाच्या नाताळी काय करावे? आम्ही त्याला एवढेच सुचवितो, की सव्विसावा उपदेश करण्याऐवजी ज्या पोरांना वाचता येत नाही त्यांच्यापैकी दोघांना आतापासून घेऊन बसावे, आणि त्या रात्री लूकाचा दुसरा अध्याय त्यांच्या तोंडून मंडळीस ऐकवावा. त्याचे हात पुन्हा कापतील. आणि त्या माउलीस तिच्या शेजारणीने विचारावे, “बाई, तुमचे ते गाणे हल्ली का हो ऐकू येत नाही?”

इसहाक पुढे बैर-शेबा येथे गेला. तेथे रात्री देवाने त्याला दर्शन दिले. त्याने वेदी बांधली, तंबू ठोकला, आणि चाकर पुन्हा खणू लागले. ज्या राजाने त्याला हाकून दिले होते तोच सलोखा करावयास आला, त्याला जेवू घातले, सकाळी शपथा झाल्या. त्याच दिवशी चाकर येऊन म्हणाले, की आम्हांला पाणी लागले. याच्या पुढल्याच ओळींत लिहिले आहे, की एसावाने हित्ती बायका केल्या, आणि त्या सुनांमुळे इसहाक व रिबका यांच्या मनास खेद झाला. एकाच पानावर, एकाखाली एक, या दोन्ही गोष्टी आहेत. त्या घरात खेद होता, आणि अंगणातल्या विहिरीला पाणी होते.